भर उन्हातली हडळ

परवा विजेच्या तक्रारीसाठी फोन लावला, तर पलीकडून एक बाई गोड आवाजात सांगायला लागली, एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. ती सांगेल ते सगळं मी दाबलं. शेवटी तिनं माझे आभार मानले आणि फोन ठेवून दिला. मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले आणि तोंडातून आपोआप निघालं, "आक्का, बघितलंस का गं हे?" आक्का जाऊन दोन वर्षं झाली. तरी अशा वेळी आधी तिलाच सांगावंसं वाटतं. फोनवर माणसाशी कसं बोलायचं हे ज्या बाईला खरोखर कळत होतं, तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी चौदा वर्षं काढली.

वत्सला कांबळे हे तिचं हजेरीपत्रकावरचं नाव. बाकी सगळ्यांची ती आक्का. शाहूपुरीजवळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघी ट्रंक बोर्डवर होतो. ज्यांनी ट्रंक कॉल बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. परगावी बोलायचं असलं की माणूस आधी आमच्याकडं नंबर नोंदवायचा, आम्ही ते गाव पकडायचो, लाईन मिळाली की दोन्हीकडच्या माणसांना जोडून द्यायचो आणि तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून तसं सांगायचो. गाव मिळायला कधी तास लागायचा, कधी अर्धा दिवस. आणि ताटकळलेला कोल्हापुरी माणूस काय असतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक. सकाळपासून आमचे कान त्याच्यासाठीच असायचे.

आक्का कधी 'हॅलो' म्हणाली नाही. "बोला," म्हणायची. कुणी गुळाचा व्यापारी तिसऱ्यांदा फोन करून आरडाओरडा करायला लागला की ही शांतपणे सांगायची, "पावणं, दम धरा. पुणं काय पळून जात न्हाई. लाईन मिळाली की मीच हाक मारतो." आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो'च म्हणतात, त्यात आक्का कोडोलीची, म्हणजे विचारूच नका. वरचे साहेब तिला सांगायचे, बाई, जरा शुद्ध बोला, सरकारी काम आहे. ती "व्हय साहेब," म्हणायची, आणि पुढच्या कॉलला परत पावणं. आवाज मात्र असा, की पितळेच्या हंड्यावर पळी आपटावी. ओरडायची नाही, पण पलीकडच्या माणसाचा पारा निम्म्यावर यायचा. मला ते कधी जमलं नाही. मी ओरडणाऱ्यावर ओरडायची आणि मेमो घ्यायची.

एकदा आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. आक्कानं वांग्याचा भाव विचारला, तर वांगीवाला तराजू खाली ठेवून तिच्याकडं बघत राहिला. म्हणाला, "तुम्ही ट्रंकच्या बाई न्हवं? माझ्या भावाला पोरगी झाली तवा सोलापूरचा फोन तुम्हीच लावून दिल्तासा." त्यानं पाव किलोवर दोन वांगी जास्त टाकली, वर कोथिंबिरीची जुडी. सगळ्या गावाला तिचा आवाज पाठ होता आणि तोंड कुणाला माहीत नव्हतं. ह्याची तिला भारी गंमत वाटायची.

बोर्डवर बसताना ती चपला काढून ठेवायची. पाय जमिनीला टेकलेले नसले की आवाज वर जातो, असं तिचं म्हणणं. चहा बशीतून प्यायची. डब्यात खर्डा रोजचा, आणि बुधवारी सुकट. आमचं घर लिंगायताचं, माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, नुसत्या वासानं चक्कर आली असती. आक्का डबा उघडण्याआधी खुर्ची फिरवून मला सांगायची, "शैले, तिकडं तोंड कर, मी तुझा धर्म बुडवतो आता." मग खर्डा मात्र निम्मा माझ्या भाकरीवर.

आणि भूत. आमच्या एक्स्चेंजच्या मागच्या बाजूला जुन्या कागदांची एक खोली होती. तिथं कुणी गोरा साहेब फिरतो म्हणून शिपाईसुद्धा दिवसाढवळ्या जायला कां कूं करायचे. आक्का उन्हाळ्यात तिथंच जाऊन डबा खायची, कारण ती खोली गार होती. म्हणायची, "असला साहेब तर बरंच की. माझं इंग्रजी सुधारंल." तिच्या वडलांनी, आबांनी, छप्पन सालानंतर धम्म घेतला तेव्हा घरातले देव बाहेर काढले, आणि त्याच दिवशी भुतंही काढली. आबांचं गणित सरळ होतं. देव गेले, आता भुतं ठेवली तर त्यांना धाकात कोण ठेवणार? तेव्हा दोन्ही नकोत. दुसरी एखादी बाई माहेरचे दागिने दाखवते, तशा अभिमानानं आक्का हे सांगायची.

अशी ही बाई पिक्चरमध्ये हडळ झाली.

झालं असं. एक्क्याण्णव-ब्याण्णवचा सुमार. शाहूपुरीत दिनूभाऊ म्हणून एक फोटो स्टुडिओवाले होते. लग्नाचं शूटिंग करून करून कंटाळले होते आणि त्यांनी पिक्चर काढायचं मनावर घेतलं होतं. पिक्चर भुताचा, नाव 'विहिरीवरची वैरीण'. गावचा पाटील एका विधवेची विहीर बळकावतो, तिला त्याच विहिरीत ढकलतो, आणि ती परत येते, एवढी गोष्ट. हडळीच्या कामासाठी त्यांनी मुंबईच्या कुणा नटीला ट्रंक लावला. तीन मिनिटं झाली का बघायला आक्का लाईनवर गेली, तेव्हा ती नटी म्हणत होती, की मी केस सोडून विहिरीत उतरणार नाही, आणि मे महिन्यात कोल्हापूरला तर मुळीच नाही. तिनं फोन ठेवला. दिनूभाऊ बिचारे हॅलो हॅलो करत राहिले.

आक्का म्हणाली, "पावणं, त्या बाईंनी ठेवला फोन. तुम्हाला हडळच पाहिजे न्हवं? मी येतो की."

मी कपाळाला हात लावला. लाईनवरचं ऐकायचं नाही हा नियम, आणि ही त्याच लाईनवर नोकरी मागत होती. मी तिला खुणेनं दटावलं, तर तिनं मलाच गप बसायची खूण केली.  मग दिनूभाऊंनी विचारलं, "आपण कोण?"

"ट्रंक," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते तिला बघायला आले. आक्का तेव्हा चाळिशीची, बुटकी, गोल, गालाला खळी. दिनूभाऊंचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण हडळ हडकुळी असते." आक्का म्हणाली, "तुमच्या ओळखीची असंल. आमच्याकडची खाऊनपिऊन सुखी हाय." दिनूभाऊ हसायला लागले आणि तिथंच तिला काम मिळालं.

शूटिंग कोडोलीत, आक्काच्या भावाच्या उसात. तिनं रजा टाकली. मी दोन रविवार गेले होते. मला वाटलं होतं, भुताचा पिक्चर म्हणजे रात्रीचं काम असणार. तिथं जाऊन बघते तर भर दुपारी बारा वाजता नायक हातात पेटलेला कंदील घेऊन, कपाळाचा घाम पुसत म्हणत होता, "किती हा काळाकुट्ट अंधार." नायक म्हणजे एका शाळेचे पीटीचे मास्तर. मी आक्काला विचारलं, हे काय येड्याचं काम चाललंय? तिनं मला समजावून सांगितलं. रात्री शूटिंग करायचं तर मोठे दिवे पाहिजेत, जनरेटर पाहिजे, ते दिनूभाऊंना झेपणारं नव्हतं. म्हणून सगळं दिवसा घ्यायचं, आणि प्रिंट काढताना मुंबईच्या लॅबमध्ये त्याची निळसर, गडद रात्र करून घ्यायची. मोठमोठे लोकसुद्धा असं करतात म्हणे. "आपण नुसतं अंधार हाय असं समजायचं," ती म्हणाली. आणि भाकरी खाऊ लागली. पांढरं पातळ, मोकळे केस, तोंडाला पावडर, मांडीवर पिठलं-भाकरी. पाय उलटे दिसावेत म्हणून कोल्हापुरी चपला उलट्या करून सुतळीनं बांधल्या होत्या. चालताना ती तीन वेळा पडली आणि तिन्ही वेळा सगळ्यांच्या आधी तीच हसली.

आबा पहिल्या दिवशी रागावले होते. आपल्यात भूत नाही आणि माझीच पोरगी भूत होतेय, म्हणून. आक्का त्यांना म्हणाली, "न्हाई म्हणून तर होतो आबा. असतं तर माझी छाती झाली असती व्हय?" म्हाताऱ्याला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते विहिरीच्या कठड्यावर येऊन बसायला लागले आणि कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या पोरांना हाकलायला लागले.

मी गेले त्या दुसऱ्या रविवारी हडळ विहिरीतून वर येते तो प्रसंग होता. दिनूभाऊंनी वाक्य लिहिलं होतं, 'हे दुष्टा, हे जल माझे आहे, तुझा अंतकाळ समीप आला आहे.' आक्कानं ते एकदा म्हणून बघितलं. जमलेली माणसं हसली. ती ओल्या पातळानं पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "दिनूभाऊ, ही बाई कुठली? ह्याच विहिरीवरची न्हवं? मग बातम्या दिल्यासारखी का बोलतीया?"

दिनूभाऊ म्हणाले, "मग तुम्हीच सांगा काय बोलंल."

आक्कानं कठड्यावरच्या आबांकडं बघितलं. परत खाली गेली, पाण्यात बुडाली, वर आली. केसांतून पाणी गळत होतं. आणि आमच्या बोर्डवरच्या आवाजात, न ओरडता, ती म्हणाली, "काय रं पाटला, माझ्या विहिरीचं पाणी गोड लागलं का?"

 नायकाच्या हातातला कंदील हलायला लागला, आणि ते नाटक नव्हतं, कारण तो त्या प्रसंगात नव्हताच. आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. परतीच्या गाडीत आक्कानं मला सांगितलं, की आबा लहान असताना ह्याच शिवारात दुसऱ्यांच्या विहिरीच्या कठड्याखाली रिकामी घागर घेऊन उभे राहायचे, वरून कुणीतरी ओतेल म्हणून. विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कधी तासभर, कधी दुपारभर. "त्यास्नी कधी इचारता आलं न्हाई," ती म्हणाली. "म्हटलं, मेलेली बाई इचारती हाय, तिला कोण काय करणार?"  

पिक्चर लागला तो मॅटिनीला. आबांनी कोडोलीहून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आणली होती. म्हातारे, बायका, शाळा बुडवून आलेली पोरं. थिएटरच्या दारात उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, माझ्या पोरीचं वाक्य हाय, विहिरीवरचं, नीट ऐका.

पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. रात्र झालीच नाही. लख्ख ऊन, निळं आभाळ, उसावर बगळे, आणि त्यात मास्तर कंदील घेऊन चाचपडत चाललेत. "किती हा काळाकुट्ट अंधार," ते म्हणाले, आणि थिएटर फुटलं. एक जण खुर्चीवर उभा राहून ओरडला, "मास्तर, गॉगल घाला." हडळ लपायची ते बाभळीच्या पलीकडं, आणि तिची सावली अलीकडं. मी एवढी हसले, की पोटात कळ आली. माझ्याहून जास्त हसत होती ती माझ्या शेजारी बसलेली हडळ. डोळ्यांतून पाणी काढून हसत होती.

मग विहीर आली. पाणी हललं, हात वर आला, केस आले. आक्का हसायची थांबली आणि पुढं वाकली. पलीकडं आबांनी सगळ्यांना हातानं गप केलं. पडद्यावर आक्काचे ओठ हलले, आणि त्यातून कुणातरी बाईचा बारीक, गोड, मुंबईचा आवाज आला, "हे दुष्टा, हे जल माझे आहे." ओठ वेगळं बोलत होते आणि आवाज वेगळं. लोक पुन्हा हसले.

आबा म्हणाले, "वच्छे, ही कोण बोलतीया?"

"मुंबईची बाई हाय, आबा."

"का?"

 ट्रॉली परत कोडोलीला गेली, तेव्हा आबांनी वाटेत कुणाशी बोलणं केलं नाही, असं तिच्या भावानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दिनूभाऊंनी मुंबईच्या लॅबला ट्रंक लावला. आक्काच बोर्डवर होती, आणि ह्या वेळी मीसुद्धा कान लावला, नियम गेला खड्ड्यात. तेव्हा सगळा उलगडा झाला. 'रात्र करणे' अशी चिठ्ठी दिनूभाऊंनी रिळांच्या डब्यात ठेवली नव्हती. डबे कुणी कधी उघडेल सांगता येत नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून डब्यांबरोबर लॅबवाल्यांसाठी भेट म्हणून गुळाची ढेप पाठवली, आणि चिठ्ठी त्या ढेपेच्या किलतानात, म्हणजे वरच्या गोणपाटात, खोचली. कोल्हापूरचा गूळ म्हटल्यावर तो काय कुणी उघडल्याशिवाय ठेवणार नाही, हा हिशेब. हिशेब बरोबरच होता. लॅबवाल्यांनी पहिल्यांदा गूळच उघडला. फोडला, घरोघरी वाटला, आणि किलतान फेकून दिलं. "कसली चिठ्ठी?" पलीकडचा म्हणत होता. "गूळ मात्र एक नंबर होता हं." दुसरी प्रिंट काढायची ताकद दिनूभाऊंत उरली नव्हती. रात्रीचा दिवस झाला तो कायमचा.

फोन संपल्यावर आक्कानं त्यांना लाईनवर धरून ठेवलं आणि आवाजाचं विचारलं. ते चाचरत म्हणाले, की वितरकाचं म्हणणं पडलं, हडळ शुद्ध बोलली पाहिजे. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. आक्का म्हणाली, "इतकी वर्षं विहिरीत राहून बाई शुद्ध बोलाय लागली. पाण्याचा गुण." आणि लाईन काढली. मी तिच्याकडं बघितलं तर ती हसत होती, पण पायानं चपला शोधत होती. चालू बोर्डवर चपला घालताना मी तिला तेवढं एकदाच बघितलं.

पिक्चर आठवडाभरात उतरला. पण गंमत अशी, की तो मेला नाही. केबलवाल्यांना कुठूनशी त्याची कॅसेट मिळाली आणि ते रविवारी दुपारी लावायला लागले. लोकांना सवयच लागली. पोरं संवाद पाठ म्हणायची. दुपारच्या उन्हात कुणी रस्ता चुकला की रिक्षावाले म्हणायचे, कंदील आणू काय? आमच्या ऑफिसात कुणाला समोरची फाईल सापडली नाही, की सगळे एका सुरात म्हणायचे, किती हा काळाकुट्ट अंधार. आक्काला ह्यातलं काही लागायचं नाही. तिच्या घरी कैक वेळा आम्ही सगळ्या जमून तो पिक्चर बघितला आहे. ती पुढं बसून सांगायची, आता बघा माझी सावली, आता बघा मी पडतो. फक्त विहीर आली की उठायची. "च्या टाकतो," म्हणायची आणि आत जायची. चहा कुणी मागितलेला नसायचा. तो प्रसंग संपला की बाहेर यायची, कधीकधी रिकाम्या हातानं.

आबा थकले होते तरी केबलवर पिक्चर लागला की कोडोलीहून निरोप पाठवायचे, ह्या वेळी तरी तुझ्या आवाजातला लागला का गं? त्यांना वाटायचं, कधीतरी चूक लक्षात येऊन दुरुस्त केलेला लागेल. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते गेले. तोवर दुरुस्त केलेला लागला नव्हता.

त्याच सुमारास आमचे बोर्डही गेले. गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ झाले, माणसं आपापलं पुणं-मुंबई लावायला लागली, ट्रंकला कुणी विचारेना. बोर्ड उचलून नेले त्या दिवशी भिंतीवर त्यांच्या मापाचे पांढरे चौकोन राहिले. मला बिलांच्या विभागात टाकलं, आक्काला तक्रारीच्या खिडकीवर. आणि लाईन लागली नाही की आता आमच्याऐवजी टेपवरचा आवाज यायला लागला, ह्या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत. आक्कानं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा रिसीव्हर माझ्या कानाला लावून म्हणाली, "ऐक शैले. मुंबईची बाई परत आली बघ." मला रडू आलं. तिनं मलाच दटावलं, म्हणाली, खर्डा खा.

मग दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एक दिवस दोन पोरं आणि एक पोरगी तिच्या तक्रारीच्या खिडकीवर आली. कॉलेजच्या चित्रपट मंडळाची. दिनूभाऊंच्या माळ्यावर त्यांना पिक्चरची मूळ प्रिंट सापडली होती, रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये दाखवायची होती, आणि प्रमुख पाहुणी म्हणून हडळ पाहिजे होती. आक्कानं त्यांना वडापाव खाऊ घातला आणि नाही म्हणून सांगितलं.

मी विचारलं, "का जात नाहीस?"

"त्या बाईचा आवाज ऐकाय मी रिक्षा करून जाऊ व्हय? घरी असलो तर उठून च्या तरी टाकता येतो. तिथं पाहुणी म्हणून बसून ऐकाय लागंल."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नको जाऊस. बस घरात. आबांनी ट्रॉली भरून माणसं आणली होती, आणि तुला स्वतःला एकटीला नेता येत नाही." बोलून गेले आणि जीभ चावली. आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तिचा फोन आला. "पांढरं पातळ नेसू का निळं?" मी म्हटलं निळं. "मग ये नऊला," म्हणाली.

हॉल खचाखच भरला होता. पोरापोरींनी येताना घरातले कंदील आणले होते. मास्तरांच्या प्रत्येक वाक्याला दोनशे तोंडं साथ देत होती. आक्काची सावली दिसली की टाळ्या. पुढच्या रांगेत दिनूभाऊ, केस पांढरे झालेले, मांडीवर पिक्चरमधला तोच जुना कंदील घेऊन बसलेले. आक्का मागं वळून वळून पोरांकडं बघत होती आणि हसत होती, आणि मला उगीच वाटायला लागलं की आपण जिंकलो.

मग विहीर आली. पाणी हललं. आक्का उठली. मी तिचा पदर धरला, म्हटलं आता चहाला कुठं जातेस? तिनं पदर सोडवून घेतला, चपला खुर्चीखाली सरकवल्या, आणि मधल्या वाटेत जाऊन मागच्या प्रोजेक्टरच्या खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "पावणं, आवाज बंद करा."

प्रोजेक्टरवरचा माणूस जुना होता. कोल्हापुरातल्या ज्या माणसानं आयुष्यात एकदा ट्रंक लावला आहे, तो त्या आवाजाला नाही म्हणत नाही. त्यानं आवाज बंद केला.

आक्का पडद्याकडं वळली. वर चाळिशीतली ती, केसांतून पाणी गळतंय. खाली पंचावन्नची ती, निळ्या पातळात, अनवाणी. पडद्यावरचे ओठ उघडले आणि खालून आवाज आला, "काय रं पाटला, माझ्या विहिरीचं पाणी गोड लागलं का?"

एका अक्षराचा फरक पडला नाही. पडणार कसा, ओठांनी पहिल्यापासून तेच वाक्य धरलं होतं. इतकी वर्षं ते तोंड चुकीचं हलतंय म्हणून आम्ही सगळे हसत होतो, आणि ते बरोबरच हलत होतं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तासभर धिंगाणा घालणारी पोरं हातातले कंदील धरून तशीच बसली होती. 

मग मागून एक म्हातारा, बहुतेक बाजारातला कुणी व्यापारी असावा, उभा राहून सगळ्यांना सांगायला लागला, "अहो, ह्या तर ट्रंकच्या बाई." पहिल्यांदाच कोल्हापूरला आवाज आणि तोंड एकदम दिसलं. पोरांनी "पुन्हा, पुन्हा" लावलं. प्रोजेक्टरवाल्यानं रीळ मागं घेतलं. आक्कानं ते वाक्य चार वेळा म्हटलं, आणि चौथ्या वेळी सगळा हॉल तिच्याबरोबर म्हणत होता. दिनूभाऊ उठले, मांडीवरचा कंदील पेटवला, तिच्या हातात दिला आणि हात जोडले. आक्का म्हणाली, "असूं दे दिनूभाऊ. गूळ तरी चांगला दिल्तासा."

बाहेर येताना मी तिला म्हटलं, आबा असायला हवे होते. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "आबास्नी ऐकू गेलं असंल असं म्हणू नको हं. आपल्यात तसलं काय नसतं." चार पावलं चालल्यावर म्हणाली, "पण त्या ट्रॉलीतली पाच-सहा माणसं हाईत अजून कोडोलीत. त्यास्नी उद्या फोन लावतो."

पुढच्याच महिन्यात तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ती मुलाकडं नागपूरला गेली. त्यानंतर आम्ही भेटलो ते फोनवरच. त्यामुळं मला डोळ्यांसमोर दिसते ती त्या रविवारचीच. बाराचं ऊन, शाहूपुरीचा रस्ता, निळं पातळ, आणि हातात पेटलेला कंदील. मी म्हटलं, अगं विझव तो, लोक बघतात. तिनं वात आणखी वर केली. एक रिक्षावाला हळू होऊन म्हणाला, "मावशी, भर दुपारचा कंदील घेऊन कुठं?"

"रात्रच हाय, पावणं," आक्का त्याला म्हणाली. "चिठ्ठी तेवढी गुळात गेलीया." आणि कंदील समोर धरून, वाट नीट बघत, रस्ता ओलांडून पलीकडं गेली.